कॉम्प्युटरवरचे मांडे

“मांडे मी करीन,” असं मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. त्यामुळे ते कुणाला नीट ऐकू गेलं नसतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्या सासुरवाडीच्या लोकांचे कान फार तिखट. नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या लिलावाची बोली ऐकून ऐकून ते तसे झाले असावेत.

दोन हजार सहाच्या संक्रांतीची ही गोष्ट. आदल्या पावसाळ्यात सासरे गेले होते. त्यानंतर सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, अंगणात घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. प्लास्टर निघालं होतं, पण हात पूर्वीसारखा वळत नव्हता. नामपूरच्या त्या बागलाण भागात आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, फार मोठी. लेकी माहेरी येतात आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर पुजतात. नैवेद्य निखाऱ्यावर टाकतात, त्याला आगारी म्हणतात. सासऱ्यांची ही पहिलीच आखाजी होती आणि मांडे म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

“यंदा त्यासले मांडा नही,” सासूबाई मनगट चोळत म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

मांडा म्हणजे मोठी पुरणपोळी असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी हल्ली वाद घालत नाही. पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. मांडा पोळपाटावर मावतच नाही. पुरण भरलेली पारी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवायची आणि पेटत्या चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर असतं, त्यावर अलगद टाकायची. गल्लीतल्या बायकांनी आनंदानं करून दिले असते. पण सासूबाईंचं म्हणणं, सासऱ्यांच्या घागरीला घरच्याच हातचं हवं. आणि घरचे हात कुठले? दोन मुली. दोघींनाही सासूबाईंनी लहानपणी चुलीपासून हुसकावून लावलं होतं, “तुम्ही शाळा शिका, मांड्याचं मी पाहते” म्हणून. त्यामुळे माझी बायको ज्योत्स्ना बँकेत अधिकारी झाली, धाकटी तृप्ती एम.एस्सी. झाली, आणि मांड्यांच्या बाबतीत दोघीही निरक्षर राहिल्या.

तेवढ्यात तृप्तीचे यजमान सुनीलराव म्हणाले, “आई, पुण्यात मांडे ऑर्डरनं मिळतात. छान पॅक करून देतात. मी आणतो ना!”

सुनीलराव हे माझे साडू. ते पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहेत, आणि ते काहीही बोलले की माझं डोकं तापतं. यात त्यांचा काही दोष नाही. साडू हे नातंच तसं आहे. बायकोच्या वडिलांच्या घागरीवर पुण्याचा डबा ठेवायचा, ही कल्पनाच मला सहन होईना, आणि मी लाडवासकट ते ऐतिहासिक वाक्य बोललो.

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत साधा चहासुद्धा उतू न घालवता करू न शकलेला हा माणूस आपल्या वडिलांसाठी मांडे करणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सासूबाई मात्र वळल्या. माझ्या डोळ्यांत बघून फक्त “करा” म्हणाल्या. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

सरळमार्गी माणसानं काय केलं असतं? सासूबाईंचा हात मोडला होता, तोंड शाबूत होतं. सुट्टी काढून नामपूरला जायचं, त्यांच्यापुढे बसायचं आणि शिकायचं. नामपूर काही चंद्रावर नाही. सटाण्याला एस.टी. बदलली की झालं. पण मी पाटबंधारे खात्यातला सुशिक्षित मनुष्य. खात्यानं नुकतंच आम्हाला संगणकाचं प्रमाणपत्र घ्यायला लावलं होतं, आणि आमच्या मुलीच्या, हर्षालीच्या अभ्यासासाठी म्हणून दिवाळीत नाशिकच्या आमच्या इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आला होता. हर्षाली क्लासेसमध्ये असायची, त्यामुळे कॉम्प्युटरवर अभ्यास मीच करत असे. जगातली कुठलीही विद्या आता खुर्चीत बसून मिळते, असं मी ऑफिसात ज्याला-त्याला सांगायचो. असं सांगणाऱ्या माणसानं मांड्यांसाठी सटाण्याला एस.टी. बदलायची म्हणजे काय?

इंटरनेटवर तेव्हा मांड्यांबद्दल काही मिळेना. मग ज्योत्स्नाच्या मावसभावाच्या लग्नाची सीडी आठवली. त्या लग्नात मालेगावकडच्या बायका मांडे करायला आल्या होत्या आणि कॅमेरामननं ते सगळं टिपलं होतं. मी सीडी मागवली, वही-पेन घेतलं आणि बसलो.

तो कॅमेरामन कलावंत होता. बाई मांडा हातावर घ्यायची, दोन गिरक्या द्यायची, आणि आता ही पुढे नेमकं काय करते म्हणून मी डोळे ताणले की मांड्याचं कमळ व्हायचं. कमळातून नवरदेव बाहेर यायचा. नवरदेव लाजून हसेपर्यंत मांडा खापरावर पडलेला असायचा. दुसऱ्या वेळी मांड्याचे तुकडे होऊन चारी कोपऱ्यांत उडाले आणि मधोमध नवरीची मेंदी आली. तिसऱ्या वेळी मांडाच गोल फिरत फिरत स्वित्झर्लंडच्या डोंगरावर गेला. ती सीडी मी पुढेमागे करून इतक्या वेळा पाहिली, की त्या नवरदेवाचा वरच्या बाजूचा कोणता दात तिरपा आहे, ते मी आजही सांगू शकतो. मांड्याबद्दल मात्र एवढंच कळलं की तो आधी लहान असतो आणि नंतर मोठा होतो.

तरी मी सराव सुरू केला. पहिल्यांदा ओला पंचा हातांवर फिरवला. ते उत्तम जमलं. ओला पंचा फाटत नाही, हे त्याचं कारण असावं. मग कणीक भिजवली. सैल, तार सुटेल अशी कणीक हातांवर घेतली आणि सीडीतल्या बाईसारखी कोपरापर्यंत नेली. तिथं ती माझ्या हातावरच्या केसांना चिकटली आणि परत यायचं नाव घेईना. ती ओरबाडून काढताना मी जो आवाज काढला, तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या मालनबाई चांदवडकर धावत खाली आल्या.

मालनबाईंचा स्वभाव मदतीचा आहे. न मागता मदत करणाऱ्या माणसांची इंदिरानगरात कमतरता नाही, पण मालनबाई त्यांत अग्रगण्य. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि निदान केलं, “बायकांना जमतं ते उगीच नाही. आधी हे रान साफ करा.”

“म्हणजे?”

“म्हणजे दाढीचं सामान आणा!”

एका रविवारी सकाळी मी दाराला कडी लावून कोपरापर्यंत दोन्ही हातांची दाढी केली. एका माणसानं सासऱ्यांसाठी याहून जास्त काय करायचं? सोमवारपासून भर एप्रिलात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मी ऑफिसात जाऊ लागलो. आमचे साहेब फार सहृदय. त्यांनी केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, “घरी काही प्रॉब्लेम? त्वचेचे चांगले डॉक्टर आहेत माझ्या ओळखीचे.” मी नको म्हणालो. मांड्यांचं सांगण्यापेक्षा त्वचारोग परवडला.

पुढचा प्रश्न खापराचा. सातपूरच्या बाजारातून एक खापर आणलं. ते गॅसच्या शेगडीवर पालथं घातलं तर शेगडी दिसेनाशी झाली आणि ज्योत्स्नानं सिलेंडर बंद करून मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. चूल हवी. चूल म्हणजे गच्ची. आणि गच्ची म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ गायधनी.

गायधनी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटी त्यांनी मुख्य कचेरीसारखी चालवली होती. मी चुलीचं नाव काढताच ते म्हणाले, “साहेब, गच्चीचा वापर उपविधीप्रमाणे कपडे, धान्य व पापड वाळवणे एवढ्यासाठीच. चूल बसत नाही.”

“धार्मिक कारण आहे हो. सासऱ्यांची आखाजी.”

“सासरे सभासद होते का?”

मी नाही म्हणालो. तो विषय कमिटीपुढे गेला. कमिटीत नळाची गळती आणि पार्किंगमधलं कुत्रं यांच्या खालोखाल माझी चूल चर्चेला आली. शेवटी लाकडं कोरडी असावीत, वाळूची बादली शेजारी असावी आणि पहिला मांडा कमिटीला दाखवावा, अशा अटींवर परवानगी मिळाली.

आता बघून बघून करायचं म्हणजे सीडी समोर हवी. म्हणून तो कोठीएवढा मॉनिटर आणि त्याच्या खालचा डबा मी आणि वॉचमननं तीन जिने चढवून गच्चीवर नेला. उन्हात पडद्यावर काही दिसेना, तेव्हा वर छत्री धरली. छत्री धरायला मालनबाई होत्याच. चूल पेटली, वाऱ्यानं धूर फिरला आणि पलीकडे साडीवर वाळत घातलेल्या मालनबाईंच्याच कुरडयांवर जाऊन बसला. ते लक्षात येताच त्यांनी छत्री सोडून कुरडयांकडे धाव घेतली. छत्री चुलीवर, मी छत्रीवर, आणि बाजूच्या वाळूच्या बादलीतली वाळू पहिला मांडा बघायला आलेल्या गायधनींनी तत्परतेनं चुलीऐवजी खापरावर ओतली. तापलेलं खापर फटकन फुटलं. पडद्यावर नवरदेव कमळातून बाहेर येऊन लाजत होता.

“पहिला मांडा कुठाय?” गायधनींनी विचारलं. परवानगीची अट ती अट.

आखाजी आठवड्यावर आली. रात्री भांडी आवरताना ज्योत्स्ना म्हणाली, “जमत नसेल तर सांगा. सुनीलरावांना फोन करते. आईला मीच सांगेन. पण तिनं अख्ख्या गल्लीत सांगितलंय, जावई मांडे करणारेत म्हणून. बाबा गेल्यापासून ती कुठल्या गोष्टीसाठी थांबली नव्हती, आता ह्याच्यासाठी थांबलीय.” मला फार वाईट वाटलं. लाडू खाता खाता मी एक बढाई मारली होती आणि तिकडे एक म्हातारं माणूस त्या बढाईवर दिवस काढत होतं.

तरी मी एस.टी.चं तिकीट काढलं का? नाही. मी वेबकॅम आणला. अजूनही माझा विज्ञानावर विश्वास होता. नामपूरला बाजारपेठेत नुकतंच सायबर कॅफे निघालं होतं. सासूबाईंना फोन करून वेळ ठरवली. त्या शेजारच्या कुसाबाईंना घेऊन, कणकेची परात आणि पुरणाचा डबा सांभाळत, त्या थंडगार काचेच्या खोलीत शिरल्या. सासूबाई सांगणार आणि कुसाबाई हातानं करून दाखवणार, असा बेत होता. मालकानं आधी दोघींना चपला काढायला लावल्या. हे सगळं मला पुढे कळलं, कारण पडद्यावर तेव्हा फक्त सासूबाईंचं कपाळ दिसत होतं.

“जवाई, कथा शेतस तुम्ही?” कपाळ म्हणालं.

“इथंच आहे, आई. नाशिकला.”

“मंग इतला बारीक कसा दखाई राहिनात? खात नहीत का काही?” मी कॅमेऱ्याजवळ सरकलो. सासूबाईंनी माझा हात पाहिला. “हातले काय व्हयनं? केस कथा ग्यात?”

“ते... मांड्यासाठी काढले.”

आधी मला वाटलं लाइन गेली. मग कुसाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मग कॅफेतल्या इतर गिऱ्हाइकांचा. नामपूरच्या बाजारपेठेत माझी अब्रू ही अशी ब्रॉडबँडवरून पोचली.

शेवटी धडा सुरू झाला. कुसाबाईंनी मांडा हातावर घेतला आणि चित्र थिजलं. घड्याळ बंद पडावं तसं सगळं जागच्या जागी. चित्र पुन्हा हललं तेव्हा कुसाबाईंचे हात रिकामे होते आणि कॅफेचा मालक कीबोर्ड पुसत होता. दुसऱ्या वेळीही तेच. सुरुवात दिसायची, शेवट दिसायचा, मधलं काही नाही. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, “आई, पाणी किती? ताण किती द्यायचा? अंदाजे सांगा!”

“पीठ सांगस, जवाई.”

“अहो पण मला काही सांगत नाही ते!”

“तुम्ही कान देत नहीत,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पडद्याच्या इतकं जवळ तोंड आणलं की नुसते डोळेच दिसू लागले. त्या डोळ्यांत चिडणं नव्हतं, थकवा होता. “आशे नही जमाव. माले तुमना हात धरना शे. आठे या.”

आणि असं मला नामपूरला बोलावून त्या उठून निघून गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत मी त्या खुर्चीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एस.टी.त बसलो. ज्योत्स्ना सोबत होती. सटाण्याला उतरून तासभर उन्हात दुसऱ्या गाडीची वाट पाहिली, आणि हे आधीच का केलं नाही, असं ज्योत्स्नानं एकदाही विचारलं नाही. अशा वेळी न विचारणं हा तिचा सर्वांत कडक शेरा असतो.

सासूबाईंनी मला चहा दिला आणि चुलीपुढे पाटावर बसवलं. माझ्यामागे स्वतः बसल्या. समजावून काहीच सांगितलं नाही. मी कणीक मळायला घेतली, तर त्यांनी डाव्या हातानं माझं कोपर धरलं आणि दाबलं. मी हात आखडला की कोपरावर चापट. मी जास्त जोर लावला की “हां हां” आणि पुन्हा चापट. एवढा शिकलेला माणूस मी, पण बोलून न कळलेली गोष्ट मला चापटीनं कळायला लागली. कणीक मुठीत सैल झाली की बोटांना कळतं, ओढ पुरली की तळहाताला कळतं. हे कुठल्या सीडीत घालणार? पहिला मांडा कोपरावर फाटला. दुसरा दंडापर्यंत पोचून फाटला. तिसरा थेट चुलीत गेला. फाटलेले सगळे गोठ्यातल्या गाईला घातले. संध्याकाळी ती माझी चाहूल लागली की उठून उभी राहू लागली. इतक्या आपुलकीनं सासुरवाडीत माझी कुणी वाट पाहिली नव्हती.

ज्योत्स्ना दारात उभी राहून बघत होती. मग तीही हात धुऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. सासूबाईंनी तिच्याही कोपरावर चापट दिली. “शाळा शिकत होती ना तू?” म्हणाल्या, आणि दोघी मायलेकी हसल्या. त्या घरात महिनोन् महिन्यांनी कुणी हसलं असेल.

आखाजीच्या सकाळी सुनीलराव आणि तृप्ती पुण्याहून गाडीनं आले. सुनीलरावांच्या हातात एक चकचकीत डबा होता. “सहज आणला,” ते म्हणाले, “असू द्या. बॅकअप.” त्यांनी तो फडताळात, नेमका माझ्या डोळ्यांसमोर ठेवला. बाहेर घागर पुजायची तयारी झाली होती. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं, सासऱ्यांचा फोटो मांडला होता, गल्लीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. आगारीची वेळ दुपारची. तोवर एक मांडा झाला नाही, तर तो डबा उघडावाच लागणार होता.

मी बसलो. पहिला फाटला. बायकांनी हळहळ व्यक्त केली, ती कोरसमध्ये. दुसरा खापरापर्यंत गेला आणि खापराच्या कडेवर लोंबकळला. सुनीलरावांनी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “घड्याळात बघू नका,” ज्योत्स्ना म्हणाली. “पीठ बघा.”

“आधी डोया मिटा,” मागून सासूबाई म्हणाल्या.

“आई, डोळे मिटून कसं...”

“मिटा.”

मी डोळे मिटले. पारी हातावर घेतली. सासूबाईंनी यावेळी कोपर धरलं नाही. त्यांचं ते मोडकं मनगट माझ्या मनगटाखाली आलं आणि नुसतं टेकून राहिलं. मी फिरवू लागलो. कणीक जड, मग हलकी, मग इतकी हलकी की हातावर आहे की नाही कळेना. मला भीती वाटली नाही, एवढं आठवतं. “टाक!” त्या ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मला अरे-तुरे बोलल्या. मी टाकला.

डोळे उघडले तेव्हा खापरावर एक मांडा होता. गोल म्हणता येणार नाही. नकाशातल्या महाराष्ट्रासारखा एका बाजूनं तो कर्नाटकाकडे झुकलेला होता आणि मधोमध रुपयाएवढं भोक होतं, त्यातून पुरण डोकावत होतं. पण खापरभर पसरलेला, फुगलेला, घरचा मांडा होता. बायका वाकून बघू लागल्या. सुनीलरावांनी मोबाइल खिशात घातला आणि माझ्या शेजारी उकिडवे बसून हळूच विचारलं, “दादा, मला शिकवाल?”

सासूबाईंनी तो मांडा घडी घालून ताटात घेतला. वर तूप सोडलं. फडताळातल्या डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहेर घागरीपाशी निखारे लाल झाले होते. त्यांनी मोडक्या हातानं मांड्याचा एक तुकडा मोडला, निखाऱ्यावर ठेवला आणि धुरातून फोटोकडे बघत, रोज ज्या आवाजात त्या सासऱ्यांशी बोलायच्या अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, “जवाईना हातना मांडा शे. हासू नका.”